मनुष्यवस्ती कोठे दाट व कोठे विरळ, ह्याविषयी

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांस बाजाराच्या, दवाखान्याच्या किंवा कचेरीच्या कामासाठी मालेगावी जावे लागते. मोसम नदीचा पूल ओलांडून पूर्वेच्या मोहल्ल्यांत शिरले म्हणजे घरास घर लागलेले दिसते, गल्लीत समोरून हातगाडी आली तर अंग चोरून उभे राहावे लागते, आणि भिंतीभिंतीआडून मागांचा खडखडाट कानी येतो. तोच मनुष्य त्याच तालुक्यात उत्तरेस गाळण्याच्या डोंगरांकडे वळला, तर माळ, टेकड्या, बोरीबाभळी आणि बऱ्याच अंतरावर एखादे गाव, असा देखावा त्यास दिसतो. आकाश एकच, तालुका एकच, मग हा भेद का?

हा प्रश्न मंडळींत घातला म्हणजे दोन उत्तरे हटकून येतात. पहिले असे की, जेथे पाणी तेथे वस्ती. दुसरे थोडे हळू आवाजात येते, ते असे की, त्या लोकांस मुलेच फार होतात. पहिले उत्तर अर्धे खरे आहे. दुसरे ह्या प्रश्नाचे उत्तरच नव्हे, आणि शेजाऱ्याविषयी मनात अढी मात्र त्याने बसते. म्हणून ह्या आठवड्यास आम्ही ह्याच विषयाचा पाठ देत आहो. उपदेशक बंधूंनी तो मंडळीस शिकविताना एक सूपभर ज्वारी व खडूचा तुकडा जवळ ठेवावा. नकाशा नसला तरी चालेल.

प्रथम दाटी कशी मोजितात ते समजले पाहिजे. एक किलोमीटर लांब व तितकीच रुंद अशी भुई म्हणजे एक चौरस किलोमीटर. आपल्या मापाने सुमारे अडीचशे एकर. इतक्या भुईवर सरासरीने किती माणसे राहतात, तो आकडा म्हणजे त्या प्रदेशाची दाटी. आता जमिनीवर खडूने पाच चौकोन काढा आणि दहा माणसांस एक दाणा, असा हिशेब धरा. २०११ सालच्या खानेसुमारीत गडचिरोली जिल्ह्याची दाटी ७४ भरली, म्हणून पहिल्या चौकोनात सात दाणे टाका. सिंधुदुर्गाची १६३, तेथे सोळा. साऱ्या महाराष्ट्राची ३६५, तेथे छत्तीस. आपल्या नाशिक जिल्ह्याची ३९३, तेथे एकोणचाळीस. शेवटचा चौकोन मुंबई उपनगर जिल्ह्याचा. तेथील दाटी २१ हजारांच्या जवळ होती, म्हणजे सुमारे एकवीसशे दाणे. ते मोजीत बसू नका, ओंजळ भरून ओता. (२०२१ साली व्हावयाची खानेसुमारी साथीमुळे त्या साली झाली नाही, म्हणून येथे २०११ चेच आकडे घेतले आहेत.)

मुले हे पाहून हसतील, व मोठी माणसेही. परंतु त्याच वेळी हेही सांगावे की सरासरी फसविते. नाशिक जिल्ह्याचे ते एकोणचाळीस दाणे जिल्हाभर सारखे पेरलेले नाहीत. नाशिक शहरात व मालेगावात त्यांची रास पडली आहे, आणि सुरगाण्याच्या डोंगरांत ते तुरळक विखुरले आहेत. जिल्ह्यात जी गोष्ट तीच देशात, आणि देशात जी तीच पृथ्वीवर.

पृथ्वीवरील माणसांची संख्या २०२२ सालच्या नोव्हेंबरात ८०० कोटींवर गेली. येथे एक कोटीस एक दाणा धरा व आठशे दाणे घ्या. त्यांतील सुमारे पावणेपाचशे एकट्या आशिया खंडात पडतील, आणि त्या पावणेपाचशेंतही दोनशे ऐंशींहून अधिक हिंदुस्थान व चीन ह्या दोनच देशांत. आफ्रिकेत दीडशेच्या आसपास, युरोपात पाऊणशे, उत्तर व दक्षिण अमेरिका मिळून शंभराहून थोडे अधिक. ऑस्ट्रेलिया व पॅसिफिक महासागरातील बेटे ह्या सर्वांस मिळून चारपाच दाणे पुरतात. ध्रुवाकडील ग्रीनलंड बेट आपल्या देशाच्या जवळजवळ दोन तृतीयांश विस्ताराचे आहे, परंतु तेथील माणसे साठ हजारही नाहीत. मालेगावच्या काही मोहल्ल्यांत ती सारी मावतील.

बर्फ, वाळू व उंच पर्वत ह्यांनी माणसास दूर ठेविले, हे कोणासही समजते. ध्रुवाजवळ पीक होत नाही, सहारात पाणी नाही, तिबेटात हवा विरळ व थंडी कडक. ह्याविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही. विचार करावयाचा तो अशा ठिकाणांविषयी, जेथे माणूस राहू शकतो, तरीही कोठे राहतो व कोठे राहत नाही.

आता पहिल्या उत्तराकडे वळू. जेथे पाणी तेथे वस्ती हे सर्वस्वी खरे असते, तर आपल्या जिल्ह्यात सर्वांत अधिक गर्दी घाटमाथ्यावर असती. पश्चिमेचा वारा समुद्रावरून ओलावा घेऊन येतो, सह्याद्रीस अडतो, वर चढून थंड होतो, आणि आपले ओझे तेथेच टाकितो. इगतपुरीस वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांच्या वर पाऊस पडतो. पूर्वेस यावे तसतसा तो रिता होत जातो, आणि मालेगावास येईपर्यंत पाचशे मिलिमीटरांच्या आसपास उरतो. पेठ तालुक्यात पावसाची अशीच समृद्धी आहे. तरी २०११ साली तेथील लोक १ लक्ष २० हजारांच्या जवळपास होते, तर अवर्षणप्रवण मुलखात मोडणाऱ्या निफाड तालुक्यात पाच लक्षांस थोडे कमी. निफाड तालुका पेठेहून विस्ताराने मोठा आहे हे खरे, परंतु तो फरक वजा केला तरी दाटी निफाडातच अधिक राहते.

ह्याचे कारण असे की आकाशातून पडलेले पाणी आणि माणसाच्या हाती राहिलेले पाणी ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पेठ-सुरगाण्याकडील भुई उताराची, माती पातळ. चार महिने धो धो कोसळलेले पाणी दमणगंगा, पार व नार ह्या नद्यांनी पश्चिमेस समुद्राकडे धाव घेते. भात व नागली निघाली की रान मोकळे होते, आणि चैत्र-वैशाखात त्याच पाड्यांवरच्या आयाबहिणी हंडा घेऊन डोंगर उतरतात. उलट निफाडाकडे पाहा. इगतपुरी तालुक्यात दारणा नदीवर १९१६ साली धरण पुरे झाले. घाटावरचा पाऊस त्यात अडला, नांदूर-मध्यमेश्वराच्या बंधाऱ्याशी आला, आणि तेथून कालव्यांनी निफाड व कोपरगावच्या काळ्या रानांत शिरला. पाऊस एका तालुक्यात पडला व माणसे दुसऱ्या तालुक्यात वाढली! आज दिवाळी झाली की पेठ-सुरगाण्याची कुटुंबे निफाड-दिंडोरीच्या द्राक्षमळ्यांत मजुरीस उतरतात. ज्याच्या डोंगरावर पाऊस पडतो तो, ज्याच्या रानात पाऊस पडत नाही त्याच्याकडे चाकरीस जातो, ही गोष्ट आम्हांस नेहमी विचार करावयास लावते.

आपल्या मोसम नदीवर तर ह्याहून जुना दाखला आहे, आणि तो परक्या सरकारने किंवा मोठ्या इंजिनियराने दिलेला नाही. बागलाणात मोसम व आरम ह्या नद्यांवर, तसेच धुळ्याकडे पांझरेवर, तीनचारशे वर्षांपूर्वीपासून शेतकऱ्यांनी दगडचुन्याचे बंधारे बांधिले. बंधाऱ्यातून पाट काढला, आणि त्या पाटाखालच्या भुईचे तीनचार तुकडे पाडिले. एकेका तुकड्यास फड म्हणतात. एका फडात एका हंगामास सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे. कोणाची भुई लहान असो वा मोठी, प्रत्येक फडात प्रत्येकाचा थोडाथोडा वाटा. पाणी फिरविण्यास पाटकरी, राखणीस जागल्या, आणि तंटा पडला तर गावची पंचमंडळी. पाण्याचा एक थेंब कोणास अधिक नको व कोणास उणा नको, अशी ही रीत. ह्या रीतीने मोसमकाठी गावास गाव लागून वसले. नदी तर पूर्वीही होती. पण वस्ती दाट झाली ती नदी अडविल्यावर व वाटून घेतल्यावर. पुढे वर हरणबारीसारखी धरणे झाली, विहिरींवर पंप बसले, आणि फडांपैकी पुष्कळ ठिकाणी ती जुनी शिस्त ढिली झाली, तो विषय निराळा.

पाण्याच्या जोडीस माती पाहिजे. जावा बेट हे इंडोनेशिया देशाच्या भुईचा सुमारे सात टक्के भाग आहे, तरी त्या देशातील निम्म्याहून अधिक लोक तेथे राहतात. तेथे ज्वालामुखी डोंगर आहेत. त्यांची राख रानावर पडून माती पुनःपुन्हा सकस होते. आपली काळी मातीही मुळात अशाच अग्नीची लेक आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून तप्त रस वाहिला, तो थरावर थर बसून दख्खनचा खडक झाला, आणि तो झिजून झिजून गिरणा-तापीकाठची कापसाची काळी भुई झाली. दक्षिण अमेरिकेत अमेझॉन नदीच्या खोऱ्यात पाऊस आपल्याहून कितीतरी अधिक, झाडी अशी की ऊन खाली पडत नाही. परंतु बऱ्याच ठिकाणी मातीचा कस त्या पावसाने धुऊन नेला आहे. झाडी तोडून शेत केले तर थोड्याच वर्षांत ते थकते. म्हणून ते विशाल खोरे आजही विरळ आहे.

कधी कधी पाणी, माती दोन्ही असून माणूस नसतो, आणि त्याचे कारण एवढेसे चिलट असते. नेपाळात हिमालयाच्या पायथ्याशी तराई नावाचा सुपीक पट्टा आहे. हिवतापाच्या भयाने डोंगरातले लोक तेथे राहावयास धजत नसत. मुख्यत्वे थारू जातीचे लोक तेथे टिकून होते. १९५० नंतरच्या वर्षांत औषधाची फवारणी करून डास हटविले, तेव्हा डोंगरातून माणसांचे लोंढे खाली उतरले, आणि आज नेपाळातील जवळजवळ निम्मे लोक त्या पट्ट्यात आहेत. भुई तीच, पाणी तेच; मध्ये एक रोग होता, तो हटला.

एवढे झाल्यावर मालेगावाविषयी बोलता येईल. गिरणा व मोसम ह्यांचा संगम येथे आहे, भोवती काळी माती आहे, हे सर्व खरे. परंतु केवळ एवढ्यावर येथे दहावीस हजारांचे बाजाराचे गाव झाले असते, आणि खरोखर १९०१ च्या खानेसुमारीत मालेगावची वस्ती वीस हजारांच्या आतच होती. २०११ साली ती सुमारे ४ लक्ष ८० हजार झाली. हे कसे घडले ते पाहावयाचे तर थोडे मागे गेले पाहिजे.

पेशव्यांचे सरदार नारो शंकर राजेबहाद्दर ह्यांनी १७४० च्या सुमारास मोसमकाठी भुईकोट किल्ला बांधावयास काढिला. ते काम वर्षानुवर्षे चालले, आणि त्यासाठी सुरतेकडून व उत्तर हिंदुस्थानातून कारागीर व मजूर आले, ते येथेच राहिले. किल्ल्याच्या शिबंदीत अरब शिपाई होते; १८१८ साली इंग्रजांनी किल्ल्यास वेढा दिला तेव्हा त्यांनी कडवी झुंज दिली हे प्रसिद्धच आहे. नंतर येथे इंग्रजांची छावणी पडली. शहराच्या एका भागास कॅम्प हे नाव आजही आहे. अशा रीतीने गाव थोडे वाढले.

खरी वाढ मात्र विणकरांनी आणिली. विलायतेच्या गिरण्यांचे कापड स्वस्त येऊ लागले तेव्हा उत्तरेकडील हातमागवाल्याच्या पोटावर पाय आला. त्यात १८५७ चे बंड, त्यानंतरची धरपकड, आणि मागोमाग दुष्काळ. बनारस, अलाहाबाद, आझमगड, मऊ ह्या बाजूंचे मोमीन विणकर घरदार सोडून निघाले. मुंबईहून आग्र्यास जाणारा हमरस्ता मालेगावावरून जातो. त्या वाटेने दक्षिणेस येता येता कित्येक कुटुंबे येथे थांबली. येथे नदीचे पाणी होते, भोवती कापसाचा मुलूख होता, सूत मिळत होते, आणि गिऱ्हाईक होते. ते गिऱ्हाईक कोण? तर आपल्याच आयाआज्या. ह्या मागांवर रंगीत लुगडी निघत, आणि ती दख्खनच्या खेड्यापाड्यांत नेसली जात. ज्यांस आपण परके म्हणतो, त्यांच्या हातचे वस्त्र आपल्या घरी दोरीवर वाळत होते, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

एक विणकर स्थिरावला म्हणजे तो आपल्या भावास बोलावितो, भाऊ मेहुण्यास. रंगारी येतो, सुताचा व्यापारी येतो, माग दुरुस्त करणारा येतो, चहाचा ठेला लागतो. १९३५ च्या सुमारास विजेवर चालणारे माग येथे आले, आणि पुढे त्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली. तेव्हापासून उत्तरेकडच्या माणसांबरोबरच खानदेशातील व आपल्या तालुक्यातील कोरडवाहू गावांची माणसेही मागावर, बाजारात, बांधकामावर येऊ लागली. दाटी दाटीस ओढिते. जेथे शंभर माग आहेत तेथेच एकशेएकावा माग लावणे सोयीचे, कारण तेथेच कारागीर मिळतो, तेथेच माल उचलणारा येतो. मुंबई, सुरत, भिवंडी, इचलकरंजी ह्या सर्वांच्या वाढीत ही ओढ दिसते. तिच्यात सुख आहे असे मात्र कोणी समजू नये. बारा तासांची पाळी, कानठळ्या बसविणारा आवाज, छातीत जाणारी कापसाची धूळ, आणि लहानशा खोलीचे भाडे, ह्यांचा हिशेब त्या दाटीतच आहे.

केवळ रस्ता किंवा आगगाडी असली म्हणजे शहर होते, असेही नव्हे. आगगाडी मालेगावास आली नाही, ती मनमाडास गेली. मनमाडास मुंबईची, दौंडाची व निजामाच्या मुलखाची अशा वाटा एकत्र मिळाल्या. त्या हिशेबाने मनमाड हेच मोठे व मालेगाव हे लहान व्हावयाचे. परंतु २०११ साली मनमाडची वस्ती सुमारे ८० हजारच होती. मनमाडास गिरणा नाही, आणि पाण्याच्या टंचाईसाठी ते गाव अनेक वर्षे प्रसिद्ध राहिले आहे. तात्पर्य, वस्तीची गाडी एका बैलाने ओढली जात नाही.

आता दुसऱ्या उत्तराचा, म्हणजे मुले फार होतात ह्याचा, विचार करू. मुले झाल्याने एकंदर संख्या वाढते हे उघड आहे. परंतु माणसे कोठे राहतील, हे मुले ठरवीत नाहीत. रत्नागिरी व सिंधुदुर्ग ह्या दोन जिल्ह्यांची उदाहरणे घ्या. २००१ ते २०११ ह्या दहा वर्षांत तेथील लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. तेथे पाऊस उदंड, समुद्र जवळ, आंबा जगात नावाजलेला, आणि पाळणे तेथेही हलत होतेच. मग घट कशी? रत्नागिरीत त्या खानेसुमारीस दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया आढळल्या. एवढ्यावरून सर्व उलगडते. पुरुष मुंबईस गेले. पूर्वी गिरण्यांत, नंतर कचेऱ्यांत, गोदीत व दुकानांत. कित्येक आखाती देशांत गेले. गावी म्हातारी माणसे, सुना, आणि गणपतीपुरते उघडणारे दरवाजे राहिले. रत्नागिरीच्या घरात जन्मलेले मूल उपनगराच्या चौकोनातला दाणा होते. तेव्हा उपनगराच्या दाटीचा दोष उपनगराच्या पाळण्यास देणे न्याय नव्हे. मालेगावाचीही गोष्ट ह्याहून फारशी वेगळी नाही.

आखाती देशांचा उल्लेख आला, म्हणून थोडे विषयांतर. दुबई व तिच्या शेजारची राज्ये मिळून जो देश आहे, तो वाळवंट आहे. तेथे नदी नाही. तरी आज तेथे सुमारे एक कोटी माणसे आहेत, आणि दहांतली जवळजवळ नऊ बाहेरून आलेली. तेल निघाले, त्याच्या पैशावर बंदरे व बाजार झाले, आणि समुद्राचे खारे पाणी यंत्रांनी गोडे करून लोक पिऊ लागले. पैसा असला म्हणजे पाण्यास माणसाकडे यावे लागते. पैसा नसला म्हणजे माणसास पाण्याकडे जावे लागते.

पाण्याकडे व धान्याकडे जाणे हे माणसाचे फार जुने चालणे आहे. लोटाने वर दृष्टी करून यार्देनेचे भिजलेले खोरे पाहिले व तिकडे तंबू हलविला, ही कथा आमच्या वाचकांस पाठ आहे. याकोबाचे मुलगे दुष्काळात मिसर देशात उतरले, तेही धान्यासाठी. मिसरातच धान्य का असावे? कारण तेथे आकाशावर अवलंबून राहावे लागत नव्हते. दूरच्या डोंगरांतील पावसाने नील नदीस पूर येई व काठच्या रानावर गाळ बसे. आजही मिसरातील शंभरांतील सुमारे पंचाण्णव माणसे देशाच्या सुमारे पाच टक्के भुईवर, म्हणजे नदीच्या काठी व मुखाशी, राहतात. बाकीचा देश वाळू. याकोबाच्या मुलांस व बनारसच्या विणकरास आम्ही एकाच वाटेवरचे वाटसरू समजतो.

एक गोष्ट मात्र भूगोलाच्या धड्यांत सहसा सांगत नाहीत, ती अशी की विरळ वस्ती ही नेहमी निसर्गाचीच करणी नसते. अमेरिका खंडांत १४९२ नंतर युरोपचे लोक गेले, त्यांच्याबरोबर देवी, गोवर हे रोग गेले, आणि तेथील मूळ लोक अगणित मेले. जे वाचले त्यांस पुष्कळ ठिकाणी हुसकून लाविले. पुढे तीच भुई रिकामी म्हणून वाटली गेली. ऑस्ट्रेलियाचे मधले वाळवंट ओसाड आहे हे खरे. परंतु किनाऱ्यावरच्या चांगल्या भुईवरही आशियातल्या माणसास येऊ न देण्याचा कायदा तेथे १९०१ साली झाला, आणि ते धोरण पुरते जावयास १९७३ साल उजाडले. कुंपण मातीत दिसत नाही, कागदावर असते, तरी ते माणसास अडविते.

आता आपल्या गावाकडे. आमच्या मंडळ्या ज्या खेड्यांत आहेत, त्यांपैकी कित्येकांत दसऱ्यानंतर कुलुपे लागलेली घरे वाढत जातात. कोणी ऊसतोडीस जातो, कोणी द्राक्षांच्या हंगामास, कोणी नाशिकच्या कारखान्यात, कोणी मालेगावी मागावर. पुष्कळदा लोक असे बोलतात की गावास उतरती कळा लागली, किंवा तरुणांस गावाची लाज वाटते. असे बोलण्यापूर्वी विहिरीत डोकावून पाहावे. पौषात पाणी तळास गेले असेल, तर तरुण गेला तो लाजेने नव्हे. ज्या गावी नाल्यावर बांध घालून पाणी मुरविले, कांद्याचे दुसरे पीक निघू लागले, बारमाही रस्ता झाला, व दहावीपर्यंतची शाळा जवळ आली, तेथे बाहेर जाणे पुरते थांबत नसले तरी कुटुंबच्या कुटुंब उठून जाणे कमी होते. ह्याचा अनुभव वाचकांनी आपल्या शेजारगावांत स्वतः घ्यावा.

ह्या संबंधात एक व्यवहाराची गोष्ट उपदेशक बंधूंस सांगावयाची आहे. खानेसुमारीत माणूस कोठे मोजला जातो? २०११ साली मोजणी ९ फेब्रुवारीपासून २८ फेब्रुवारीपर्यंत चालली. नियम असा होता की जो मनुष्य त्या सर्व दिवसांत घरी नसेल, त्यास घरच्या यादीत न धरता, तो जेथे सापडेल तेथे मोजावा. आता फेब्रुवारी महिना कसा? उसाचा गाळप हंगाम चालू, द्राक्षे उतरविण्याचे दिवस भरात. म्हणजे आमच्या गावची जी कुटुंबे कार्तिकात जाऊन चैत्रात परततात, ती गावच्या आकड्यात येत नाहीत. आणि उसाच्या फडात पाचटाच्या खोपीत कोणी मोजणारा गेला नाही, तर ती कोठेच येत नाहीत. पुढे शाळेच्या खोल्या, दवाखाना, रेशन, नळाची योजना ह्या सर्वांचे माप त्याच आकड्यावरून घेतले जाते. यास्तव प्रत्येक मंडळीने एक वही करावी. गावातील प्रत्येक घरापुढे किती माणसे, त्यांतील किती बाहेर, कोणत्या महिन्यात गेली, कोणत्या कारखान्यावर किंवा मळ्यावर, कधी परतणार, हे लिहून ठेवावे. ख्रिस्ती घरेच लिहावी असे नव्हे, सर्व गाव लिहावे. मोजणारे शिक्षक गावी येतील तेव्हा ती वही त्यांस दाखवावी, आणि बाहेर गेलेल्या प्रत्येक कुटुंबास निरोप धाडावा की, तेथे मोजणारा आला नाही तर आपण होऊन त्या गावच्या तलाठ्याकडे किंवा शाळेत जाऊन विचारावे.